गारा बेल्ह्यात, अंदाज विमानतळाचा

हवामानाचा अंदाज मी करत नाही. दुसऱ्यांनी केलेला अंदाज खरा ठरला का, एवढंच बघायचं माझं काम.

आमच्या कार्यालयात विमानतळासाठी दिवसातून अनेकदा अंदाज लिहिला जातो. वारा कुठून आणि किती, ढग किती खाली, समोरचं किती लांबपर्यंत दिसेल, गडगडाट होणार का, आणि होणार तर कधीपासून कधीपर्यंत. तो अंदाज समोर ठेवून विमानांची वाहतूक आखणारी माणसं ठरवतात, की आज दुपारी तासाला किती विमानं उतरवून घ्यायची आणि कुणाला निघण्याआधी तिकडंच थांबवायचं. दिवस उलटला की अंदाज आणि विमानतळावरची प्रत्यक्ष नोंद शेजारी ठेवायची आणि ताडून बघायचं. एका दिवसावरून काही कळत नाही. महिने, हंगाम असं साठत गेलं की मग दिसायला लागतं, कुठल्या अंदाजावर किती भरवसा ठेवावा.

जुन्नर तालुक्यातल्या येडगावला, माझ्या माहेरी, हे कुणाला नीट समजावता आलं नव्हतं. वडिलांनी मात्र एकदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी तू पेपर लिहीत न्हाईस, तपासतीस." त्यांच्यापुरता विषय संपला. माझ्या थोरल्या बहिणीचे, ताईचे यजमान, आमचे दाजी, यांचं समाधान होईना. त्यांची बेल्ह्याला शेती. कांदा आणि टोमॅटो. ते म्हणायचे, "पाऊस पडून गेल्याव पडला का न्हाई ते कुणीबी सांगंल. त्याला पगार कशाला?"

मी हसून सोडून द्यायचे. खरं तर उत्तर द्यायला एवढं सोपं नव्हतं.

मी सांगते आहे ती गोष्ट त्यांच्याच मुलीच्या, माझ्या भाचीच्या लग्नाची. भाची कॉलेजला असताना शहरात माझ्याकडंच राहिली होती. सकाळी एकमेकींचे डबे भरायचो, रात्री एकाच टेबलावर ती तिची पुस्तकं आणि मी माझे आकडे घेऊन बसायचो. त्यामुळं मावशी-भाचीपेक्षा आमचं नातं जरा वेगळं झालं होतं. लग्न उन्हाळ्यात ठरलं. बेल्ह्याच्या बाहेर रस्त्याला लागून एक लॉन आहे, तिथं. मुहूर्त गोरज, म्हणजे संध्याकाळचा. उन्हाचा त्रास नको म्हणून दाजींनी मुद्दाम तो धरला होता.

आमचा धाकटा भाऊ दिल्लीच्या बाजूला एका कारखान्यात मशीनच्या देखभालीवर आहे. मुलीचा सख्खा मामा तो एकटाच. कारखान्यात नेमकं मोठं काम निघालं आणि त्याला सुट्टी मिळाली ती लग्नाच्या दिवसापासून. तो मला म्हणाला, "आक्का, काळजी करू नको. भर दुपारी उतरतो. तिथनं गाडी केली की चहाच्या टायमाला बेल्ह्यात." हिशोबात काही चूक नव्हती.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी सवयीनं फोनवर विमानतळाचा अंदाज बघितला. दुपारपासून संध्याकाळपर्यंत गडगडाटासह पाऊस, जोराचा वारा. उन्हाळ्यात असा अंदाज पुष्कळदा असतो आणि पुष्कळदा काहीच होत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी कुणाला काही बोलले नाही. मांडवात खुर्च्या लावणं चाललं होतं. दाजींनीच विचारलं.

"काय म्हनतंय तुमचं हापिस?"

"विमानतळावर वादळ होऊ शकतं म्हणतायत. दुपारनंतर."

दाजींनी कपाळावर हात धरून वर बघितलं. आभाळ लख्ख होतं. "कुठाय वादळ? हितं तर गादी वाळत घालावी असं ऊन पडलंय."

त्या दिवशी बेल्ह्याचा बाजारही होता. जनावरांनी भरलेले टेंपो लॉनच्या समोरून जात होते आणि पाहुण्यांच्या गाड्या त्यात अडकत होत्या. मी भाचीच्या खोलीत तिच्या केसांना गजरे लावत होते तेव्हा भावाचा मेसेज आला. विमानात बसलोय, दार लावलंय, पण सोडत नाहीत. पायलट म्हणतो, तिकडं वादळाचा अंदाज आहे म्हणून उशिराचा नंबर दिलाय.

मला त्यातलं सगळं ठाऊक होतं. वादळ येणार असं लिहिलं, की आखणी करणारे तासाला उतरणारी विमानं कमी करतात. सगळी एकदम आली आणि वादळानं वाट अडवली तर ती आभाळात घिरट्या घालत बसतात, इंधन जळतं, एकमेकांत गर्दी होते. त्यापेक्षा जिथून निघायची तिथंच जमिनीवर थांबवलेली बरी. मी भावाला तसं लिहिलंही. त्याचं उत्तर आलं, "तिथं पाऊस आहे का?"

मी खिडकीतून बाहेर बघितलं. आचाऱ्याची माणसं उन्हाला पाठ करून कांदा चिरत बसली होती. मी लिहिलं, "नाही."

बराच वेळ त्याचं विमान तिथंच उभं राहिलं. इकडं दुपार झाली, कलू लागली. विमानतळाची नोंद मी मधूनमधून बघत होते. कोरडं, वारा हलका, समोरचं लांबवर स्वच्छ. ताई दर थोड्या वेळानं येऊन विचारायची, "उडालं का?" शेवटी उडालं. ताईनं हात जोडले आणि पाहुण्यांकडं पळाली.

मग पश्चिमेकडून ढग उठला. जुन्नरच्या डोंगरांच्या मागून तो वर येताना मी लहानपणी कितीदा बघितलेला आहे. कार्यालयात रडारच्या पडद्यावर तो रंगाचा ठिपका असतो, इथं तो अर्धं आभाळ व्यापून येत होता. खालची कडा काळी, वरचा भाग उन्हात पांढराशुभ्र. वारा पडला. लॉनवरचे झालरीचे पडदे स्तब्ध झाले. मी दाजींना गाठलं आणि म्हणाले, "बायका-पोरांना मांडवातनं काढा."

"आता? वरात यायचा टाइम झालाय!"

"दाजी, काढा म्हणते ना."

त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि जराही न चिडता माईक हातात घेतला. समोरच्या शाळेच्या व्हरांड्याकडं सगळ्यांनी चला म्हणून ते ओरडायला लागले. निम्मी माणसं गेली, निम्मी जागा जाईल म्हणून बसून राहिली. तेवढ्यात वाऱ्याचा लोट आला. मांडवाचं एका बाजूचं कापड दोरीसकट वर गेलं, कमान आडवी झाली, आणि गारा सुरू झाल्या. आधी पत्र्यावर मोजक्या, मग काही ऐकू येईना. बोरांएवढ्या गारा. रस्त्यावर बाजारातून परतणारा टेंपो तिथंच थांबला होता आणि त्यातले बैल हंबरत होते. नवरदेवाची गाडी वडाखाली उभी होती. एक चुलते कढईचं झाकण डोक्यावर धरून व्हरांड्याकडं धावले. कुणाला फार लागलं नाही, एवढं एक बरं झालं.

आम्ही सगळे शाळेच्या व्हरांड्यात आणि दोन वर्गांत कोंबलो गेलो. भाची एका बाकावर बसली होती, शालूचा काठ चिखलानं भरलेला. तिच्या हातात माझा फोन होता. मी तिला नकाशावर मामाचं विमान दाखवलं. ते आमच्यापासून फार लांब नव्हतं. पूर्वेच्या बाजूला एक लांबट वळसा घेऊन ते पुन्हा त्याच वाटेवर येत होतं.

"मावशी, मामा हितंच वर हाय?"

"इथंच आहे. ढगाच्या पलीकडं."

"मग उतरंना का?"

"वाटेत हाच ढग आहे. दिल्लीकडनं येणारी विमानं आपल्या जुन्नर-आंबेगावावरूनच खाली यायला लागतात."

तिनं पडद्यावर बोट ठेवून दुसरा वळसा बघितला. तिसरा झाला नाही. विमानाचं नाक पश्चिमेकडं वळलं. मी ओळखलं, मुंबईला चाललं. तिला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. फक्त फोन माझ्या हातात परत दिला.

गारा थांबल्या, पाऊस राहिला. लॉनवर लग्न लागणं शक्य नव्हतं. हेडमास्तरांनी मोठा वर्ग मोकळा करून दिला. गुरुजी ओलं धोतर पिळून आले आणि म्हणाले, मुहूर्त टळू द्यायचा नसेल तर आता उभं राहायला हवं. अंतरपाट धरला गेला. मुलाच्या मागं त्याचा मामा उभा राहिला. मुलीच्या मागं कोण?

दाजींचे थोरले भाऊ म्हणाले, "येडगावचा चुलत मामा हाय की. त्याला उभा करा." चुलत भाऊ पुढं आलाही. तेवढ्यात भाची मान न वळवता म्हणाली, "मावशीला बोलवा."

"आगं, मावशी कशी? बाप्यानं उभं ऱ्हायचं असतं."

"मामा यीना झाला तर मावशी. चुलत मामाला मी वर्सातनं एकदा बघती."

चुलत भाऊ भला माणूस. तोच मागं सरला आणि म्हणाला, "आक्का, तूच ये. उगं टाइम नको." गुरुजींनी मला वाद घालायला वेळ दिला नाही. "या, या, खांद्याला हात लावा," म्हणाले आणि मंगलाष्टकं सुरू केली. माझी साडी पाठीला चिकटलेली. मागं फळ्यावर मुलांनी काढलेलं गणित तसंच होतं. अक्षता ओल्या होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या, त्यामुळं त्यांचे गोळे येऊन लागत होते. लोक हसत होते. लग्न लागलं.

भाऊ पाठवणीच्या आधी पोचला. मुंबईहून टॅक्सी करून, माळशेज घाटातून, ओतूरवरून. रात्र बरीच झाली होती. तो आधी भाचीकडं गेला आणि दोघंही खूप रडली. मग ताईनं त्याला वाढलं. तो भराभर जेवला. ताट संपल्यावर म्हणाला, "आक्का, एक विचारू?"

"विचार."

"तुमच्या लोकांनी दुपारपासनं वादळ लिहिलं, म्हणून आमाला तिकडं दाबून ठिवलं. दुपारभर हितं ऊन व्हतं. टायमाला निघालो असतो तर कोरडा उतारलो असतो. थांबिवलं म्हणूनच मी वादळात घावलो. खरं का खोटं?"

ताई म्हणाली, "आता कशाला ते?"

"नाही, त्याला विचारू दे," मी म्हणाले. "मला माहीत नाही रे. बघून सांगते."

पुढच्या आठवड्यात कामावर गेले. त्या उन्हाळ्याच्या वादळांच्या अंदाजांची पडताळणी माझ्याकडंच होती. मी साहेबांना जाऊन सांगितलं, की त्यातल्या एका दिवशी माझ्या घरचं लग्न होतं, भावाचं विमान अडकलं होतं, तेव्हा तो दिवस दुसऱ्या कुणीतरी बघितलेला बरा. साहेब म्हणाले, "एका दिवसासाठी नियम बदलतात का? सगळ्या दिवसांना लावतेस तोच नियम त्याला लाव."

तोच नियम लावला आणि उत्तर लगेच आलं. विमानतळावर त्या दिवशी गडगडाटाची नोंद नाही. पाऊस नाही. संध्याकाळी वारा थोडा वाढला, एवढंच. म्हणजे अंदाज चुकला. वादळ येणार असं सांगितलं आणि आलं नाही, या रकान्यात तो दिवस गेला.

मी तो बराच वेळ बघत बसले. बोरांएवढ्या गारांनी मांडव पाडला होता, शालू चिखलात गेला होता, विमानाला वाट मिळाली नव्हती, आणि माझ्या हिशोबात त्या दिवशी काही झालंच नव्हतं.

तो अंदाज लिहिणारे सहकारी माझ्यापेक्षा वयानं मोठे. आंबेगावातल्या पेठचे. आमच्या दोघांचं गाव एकाच रस्त्यावर म्हणून आमच्यात जरा मोकळेपणा होता. चहाच्या वेळी तेच म्हणाले, "आला का माझ्या नावावर आणखी एक खोटा?"

"आला. पण खोटा नव्हता तो. मी त्या गारा अंगावर घेतल्यात."

"कुठं?"

"बेल्ह्यात."

ते हसले. "मग काय उपयोग? बेल्ह्यात विमानं उतरतात का?"

"उतरत नाहीत. पण तिथूनच येतात."

ते हसायचे थांबले. आम्ही दोघं रडारच्या जुन्या चित्रांपुढं जाऊन बसलो. ढग जुन्नरच्या मागं उठला होता, येडगावच्या धरणावरून बेल्ह्याकडं सरकला होता, त्याचाच दुसरा तुकडा मंचरच्या बाजूनं पेठपर्यंत आला आणि तिथं विरला. विमानतळाला त्यानं शिवलंही नव्हतं. पण उत्तरेकडून येणारी वाट त्यानं पूर्ण बंद केली होती.

त्यानंतर आम्ही विमानांची आखणी करणाऱ्यांकडं भेटीची वेळ मागितली. इतकी वर्षं आमचे कागद त्यांच्याकडं जात होते, पण समोरासमोर बसून कधी बोलणं झालं नव्हतं. त्यांच्यातल्या एक कंट्रोलर बाई, बोलायला सडेतोड. म्हणाल्या, "तुम्ही दर वर्षी पाठवता, की इतके अंदाज बरोबर, इतके चूक. आम्ही वाचतो आणि बाजूला ठेवतो. धावपट्टीवर पाऊस पडला का, यानं आमचं थोडंच भागतं? येण्याच्या वाटेवर ढग होता का आणि तो कधी आला, हे हवंय. अंदाजात दुपारपासून लिहिलं, की मला दुपारपासून विमानं अडवावी लागतात. आणि वादळ येतं संध्याकाळी. तोवर मी सगळ्यांना थांबवून ठेवलेलं असतं, ती नेमकी एकदम येतात."

भाऊ ताटावर बसून जे बोलला होता तेच या बाई बोलत होत्या. मी त्यांना तसं सांगितलं नाही.

साहेबांनी परवानगी दिली आणि मी पूर्ण हंगाम नव्यानं मोजायला घेतला. विमानतळासोबत येण्याच्या वाटांवरचाही ढग धरायचा, आणि वादळ आलं का याच्या जोडीला, सांगितल्या वेळेच्या किती आधी किंवा नंतर आलं, तेही बघायचं. रडारवर सगळं नीट दिसत नाही. डोंगराआडचं सुटतं, आणि ढग दिसला तरी खाली काय पडलं ते कळत नाही. मी पेठच्या सहकाऱ्यांना म्हणाले, "निदान त्या एका दिवसाचं तरी जमिनीवर जाऊन विचारू."

"कुणाला विचारणार?"

"बाजाराचा दिवस होता. बाजारातल्यांना."

आम्ही त्यांच्या मोटारसायकलवरून बाजाराच्या दिवशी निघालो. वाटेत पेठला त्यांच्या घरी चहा घेतला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली त्यांच्या मुलीची शाळेतली बक्षिसं. त्यांच्या आईनं विचारलं, "सुट्टीचं कुठं निघालाय?" ते म्हणाले, "गारा कधी पडल्या ते विचारायला." म्हातारी म्हणाली, "गारा पडून महिना झाला की रं!" आणि आम्हाला आणखी एकेक कप दिला.

बेल्ह्याच्या बाजारात धूळ, शेण, बोली, सगळं एकत्र. एका बैलांच्या व्यापाऱ्याला आम्ही विचारलं. तो आधी आम्हाला सरकारी पंचनामेवाले समजला.

"भरपाई देताय का, राव?"

"नाही, फक्त वेळ हवीय. गारा किती वाजता आल्या?"

"जेवण झाल्यावर."

शेजारचा म्हणाला, "काय बोलतो? आमी गाडी भरत व्हतो, चार तरी वाजलं व्हतं."

"चार न्हाई, पाच. माझा चहा निम्मा राह्यला व्हता."

सहकारी माझ्याकडं बघून म्हणाले, "झालं? तीन माणसं, तीन वेळा." तेवढ्यात एक टेंपोवाला पुढं आला आणि म्हणाला, "पावणं, माझ्याकडं शूटिंग हाय की." त्याच्या फोनवर गारांचा व्हिडिओ होता. मग आणखी दोघांनी फोन काढले. एकानं तर आमच्याच लॉनचा मांडव उडतानाचा घेतला होता आणि तो सगळीकडं पाठवला होता. मांडव कुणाचा ते मी सांगितलं नाही, फक्त तो पुन्हा एकदा लावायला सांगितला. तिन्ही फोनवरची वेळ जवळजवळ एकच होती. रडारच्या चित्राशी ती जुळली. अंदाजात वादळ जेव्हापासून लिहिलं होतं, त्याच्या कितीतरी नंतरची.

पूर्ण हंगामाचं काम हातावेगळं झालं तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. एक चांगली. येण्याच्या वाटा धरल्या, तर आम्ही चुकीचे ठरवलेले पुष्कळ अंदाज चुकीचे नव्हते. वादळ खरंच आलं होतं, फक्त धावपट्टीवर आलं नव्हतं. दुसरी तेवढी चांगली नव्हती. वादळ सुरू होण्याची वेळ अंदाजात जवळजवळ नेहमीच लवकरची होती. कधी कधी चुकून उशिराची, असं नव्हतंच. सगळा कल एकाच बाजूला.

हे सगळ्यांपुढं मांडायच्या आधी मी पेठच्या सहकाऱ्यांना दाखवलं. पहिला भाग बघून ते खुश झाले. दुसरा बघितल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"हे माझंच आहे का?"

"सगळ्यांचं आहे. तुमचंही आहे."

"लवकर लिहिलं तर कुणी बोलत नाही," ते म्हणाले. "उशिरा लिहिलं आणि वादळ आधी आलं, तर फोनवर फोन. विमान वादळाच्या आत असतं तेव्हा. तुला खुर्चीत बसल्याशिवाय कळायचं नाही."

"मला मान्य आहे."

"मान्य आहे तर मांडतेस कशाला?"

मला त्यांना दुखवायचं नव्हतं. मी म्हणाले, "लवकर लिहिलेल्या वेळेचीही कुणाला तरी किंमत पडते. ती आत्तापर्यंत आपल्या हिशोबात येत नव्हती, म्हणून."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि कागद माझ्याकडं सरकवला. मी मांडलं त्या दिवशी ते मागच्या रांगेत बसले होते आणि संपल्यावर न थांबता गेले. कंट्रोलर बाईंनी मात्र पुष्कळ प्रश्न विचारले, आणि शेवटी एक मागणी केली. वादळ येणार किंवा नाही असं एकच न लिहिता, दुपारच्या पहिल्या भागात किती शक्यता, दुसऱ्या भागात किती, संध्याकाळी किती, असं वेगवेगळं मिळालं, तर त्या पहिल्या भागात विमानं कमी अडवतील. त्यावर बराच खल झाला. साहेबांनी ते पुढच्या उन्हाळ्यापासून करून बघू म्हणून ठरवलं.

पेठचे सहकारी काही दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. चहाला वेगळे जायचे. मग एकदा स्वतःच माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, "त्या दिवशीचे सकाळचे आकडे काढ. मी दुपार का लिहिली, ते मला बघायचंय." आम्ही बसलो. त्यांना त्या दिवशीची हवा आठवत होती, वरच्या थरातलं वारं आठवत होतं. शेवटी म्हणाले, "संध्याकाळ लिहायला जागा होती. मी दुपार लिहिली ती भीतीनं." एवढं बोलून ते दुसऱ्या कामाला लागले.

भावाला मी फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझं बरोबर व्हतं."

"अर्धं. वेळेला निघाला असतास तर उतरला असतास, हे खरं. पण थांबवणाऱ्यानं समोर होतं त्यावरून बरोबरच केलं. त्याच्या हातातला कागद नीट नव्हता."

"आणि तो कागद कुणी तपासायचा व्हता?"

"मीच."

तो हसला. "मग तुझ्यामुळं मी माळशेज बघितला. लई वर्सांनी. धबधबं न्हवतं, पण रातचा घाट भारी दिसत व्हता."

पुढच्या उन्हाळ्यात शक्यतेचे अंदाज सुरू झाले. पहिले काही दिवस वाहतुकीच्या लोकांना त्याची सवय होईना. शक्यता थोडी आहे म्हणजे अडवायचं की सोडायचं, यावरून फोन यायचे. हळूहळू बसलं. दुपारी उगाच अडकून पडणारी विमानं कमी झाली, हे आम्हालाही दिसलं आणि त्यांनाही. एक दिवस मात्र उलटा गेला. पेठच्या सहकाऱ्यांनी दुपारची शक्यता अगदी थोडी दिली आणि वादळ भर दुपारी उठलं. विमानं वर अडकली, दोन दुसरीकडं पाठवावी लागली. ते संध्याकाळपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत. कंट्रोलर बाईंचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी विचारलं, "हा दिवसही मोजणार ना?" मी म्हणाले, "मोजणार." त्या म्हणाल्या, "मग ठीक," आणि फोन ठेवला. मी ते सहकाऱ्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि घरी जायला निघाले.

आता थंडी पडली आहे आणि धुक्याचं काम हातात आलंय. वाहतुकीच्या लोकांना सकाळचं पहिलं विमान कधी उतरवता येईल ते हवंय, म्हणजे धुकं कधी येईल यापेक्षा कधी उठेल ते जास्त. मागच्या रविवारी मी येडगावला होते. सकाळी धरणाच्या भिंतीवर गेले तर पाणी दिसत नव्हतं. पेठच्या सहकाऱ्यांना फोन लावला आणि विचारलं, तुमच्याकडं कसं आहे? ते म्हणाले, "आमच्याकडं स्वच्छ. रस्त्यावरची एसटी इथून दिसतीय." मी म्हणाले, "इथं मला माझे वडील दिसत नाहीत, आणि ते शेजारी उभे आहेत." वडील म्हणाले, "हितंच हाय मी. त्यांना म्हनावं, या नाष्ट्याला."

ते आले. धुकं तोवर उठलं होतं.